फुप्फुसात गुठळी, रक्तदाब १०४/७०: धोका किती हे ठरवण्याची एक रात्र

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. लहान खासगी रुग्णालय, मोजक्या खाटांचा आयसीयू. सीटी स्कॅन गावातच होतो, पण कॅथलॅब (नसेतून कॅथेटर घालून उपचार करण्याची खोली) नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. उपचार कसे करावेत हे सांगण्यासाठी हे लिहीत नाही. निर्णय कुठे आणि कशावर झाले, ते मला मांडायचं आहे. फुप्फुसातल्या गुठळीचं निदान झाल्यावरही खरा प्रश्न शिल्लक राहतो: हा रुग्ण पुढच्या दोन-तीन दिवसांत कोसळणार आहे का?

पार्श्वभूमी

वय ४४, वजन ७८ किलो, मुंबईत राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या बाई. हृदयाचा, फुप्फुसाचा आजार नाही, कॅन्सर नाही. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी, त्यामुळे पाळीत अंगावर जास्त जायचं आणि हिमोग्लोबिन कायम कमी.

गणपतीसाठी त्या गावी आल्या. घरी गणपती, मागोमाग गौरी, म्हणून पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून तीनदा घेत होत्या. जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून घेतलेल्या गोळ्या, आणि गौरी जाईपर्यंत म्हणून वाढवत नेलेल्या. या गोळीचा थोडा भाग शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये असतं त्याच इस्ट्रोजेनमध्ये. 'ही इस्ट्रोजेनची गोळी नाही, गुठळीची भीती नाही' हा समज म्हणूनच पूर्ण खरा नाही. त्यात भर मुंबई-गोवा महामार्गावरच्या प्रवासाची. चतुर्थीच्या आदल्या दिवसांत त्या रस्त्याची काय अवस्था असते, ते कोकणात येणाऱ्यांना सांगायला नको. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या बसच्या सीटवर होत्या.

गावी पोचल्यावर दोन दिवसांनी डावी पोटरी दुखायला लागली. बसमध्ये अवघडली असेल म्हणून तेल लावून चोळली. हरतालिका, ऋषिपंचमी असे उपास झाले. गौरी विसर्जनाच्या दिवशी पाणवठ्यावरून चढ चढताना धाप लागली आणि उंबऱ्यातच त्या काही क्षण बेशुद्ध पडल्या. सासूबाईंनी निदान सांगून टाकलं, "उपासान चक्कर इली आसतली." गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा रक्तदाब ११०/७० होता. अशक्तपणा समजून सलाईनच्या दोन बाटल्या दिल्या गेल्या. धाप वाढली, तेव्हा संध्याकाळी घरची मंडळी त्यांना आमच्याकडे घेऊन आली.

आल्यानंतरचा पहिला तास

नाडी ११८, रक्तदाब १०४/७०, श्वास मिनिटाला २६, हवेवर ऑक्सिजन ८८ टक्के, ताप नाही, शुद्ध पूर्ण. छातीत घरघर नाही, फुप्फुसं ऐकायला स्वच्छ. ऑक्सिजन कमी आणि छाती स्वच्छ, ही जोडी दिसली की मी गुठळीचा विचार आधी करतो. साडी घोट्यापासून वर घेऊन पोटऱ्या मोजल्या. डावी पोटरी उजवीपेक्षा ३ सेंटिमीटरहून जास्त सुजलेली होती.

ईसीजीमध्ये नाडी जलद आणि व्ही १ ते व्ही ४ या छातीवरच्या लीड्समध्ये टी लहरी उलट्या. ट्रोपोनिनचं कार्ड (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्तचाचणी) पॉझिटिव्ह. इथे एक चकवा होता. उलट्या टी लहरी आणि पॉझिटिव्ह ट्रोपोनिन एकत्र दिसले की हात आपोआप ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलकडे जातो. हार्ट ॲटॅक समजून या गोळ्या दिल्या असत्या, तर पुढे गुठळी विरघळवणारं औषध द्यायची वेळ आल्यावर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढला असता. सुजलेली पोटरी पाहिलेली असल्यामुळे आम्ही तिकडे गेलो नाही.

गुठळीची शक्यता किती हे मोजणारा वेल्स गुणांक काढला. पायातल्या गुठळीची लक्षणं ३, दुसऱ्या कोणत्याही निदानापेक्षा गुठळीचीच शक्यता जास्त म्हणून ३, नाडी १०० पेक्षा जास्त म्हणून १.५. एकूण ७.५. गुणांक ४ च्या वर असला की डी-डायमर ही गुठळीची रक्तचाचणी करण्यात अर्थ नसतो, कारण तो काहीही आला तरी सीटी करावाच लागतो. म्हणून तो केला नाही. गरोदर नसल्याची खात्री केली, क्रिएटिनिन पाहिलं आणि सीटीची वाट न बघता रक्त पातळ करणारं एनॉक्सापॅरिन ८० मिलिग्रॅम दिलं. तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. शंका इतकी बळकट असताना हे औषध स्कॅनसाठी अडवून ठेवू नये.

सीटीमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या मुख्य शाखांत गुठळ्या होत्या. हृदयाचा उजवा खालचा कप्पा डाव्यापेक्षा मोठा झालेला, प्रमाण १.४. (१ च्या वर गेलं की उजव्या कप्प्यावर ताण आहे असं धरतात.) खाटेवरच्या इकोमध्ये उजवा कप्पा फुगलेला, मधला पडदा डावीकडे दाबला गेलेला आणि टॅप्से (उजव्या कप्प्याच्या आकुंचनाचं माप) १३ मिलिमीटर. १६ च्या खाली तो कमी समजतात. रक्तातलं लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की वाढतं) २.४. हिमोग्लोबिन ९.२.

प्रश्न: गुणांक वेगवेगळं सांगत होते

निदान झालं होतं. धोका किती, हे ठरवताना मात्र कागदावरचे आकडे एकमेकांशी जुळेनात.

पेसी हा फुप्फुसातल्या गुठळीच्या रुग्णाला मृत्यूचा धोका किती हे मोजणारा गुणांक २००५ मध्ये मांडला गेला. त्यात वयाची वर्षं तशीच्या तशी गुण म्हणून धरतात. बाईंचं वय ४४, नाडी ११० किंवा वर म्हणून २०, ऑक्सिजन ९० च्या खाली म्हणून २०. बेरीज ८४, म्हणजे वर्ग २. कमी धोक्याचा वर्ग. या वर्गात ३० दिवसांतल्या मृत्यूचं प्रमाण १.७ ते ३.५ टक्के धरलं आहे.

याच पेसीची २०१० मधली सोपी आवृत्ती घ्या. तिच्यात सहाच बाबी आणि प्रत्येकीला एक गुण: वय ८० च्या वर, कॅन्सर, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, नाडी ११० किंवा जास्त, वरचा रक्तदाब १०० च्या खाली, ऑक्सिजन ९० च्या खाली. बाईंना दोन गुण. एक गुण मिळाला तरी रुग्ण कमी धोक्याचा उरत नाही. मूळ अभ्यासात अशा गटातल्या ३० दिवसांतल्या मृत्यूचं प्रमाण १०.९ टक्के होतं, शून्य गुण असलेल्यांत १ टक्का.

एकच बाई, एकच नाडी, एकच ऑक्सिजन. एक कागद म्हणतो कमी धोका, दुसरा म्हणतो नाही. ही विसंगती गोंधळात पाडते, पण तिचं कारण सरळ आहे. पेसीमध्ये वयाचं वजन इतकं आहे की तरुण किंवा मध्यम वयाच्या रुग्णाला बाकीची लक्षणं वाईट असूनही वरच्या वर्गात जायला खूप गुण लागतात. शिवाय पेसीचा मुख्य उपयोग महिनाभरात कोणाला फारसा धोका नाही, कोणाला लवकर घरी पाठवता येईल, हे शोधण्याचा. आमच्यासमोरचा प्रश्न आज रात्रीचा होता. पेसी उजव्या कप्प्याकडे बघतच नाही, आणि या आजारात माणूस दगावतो तो बहुधा उजवा कप्पा थकल्यामुळे. हा कप्पा पातळ भिंतीचा, कमी दाबाविरुद्ध रक्त ढकलायला बनलेला. समोर अचानक अडथळा आला की तो फुगतो, त्याला स्वतःला रक्त कमी मिळतं, डाव्या बाजूला रक्त पोचत नाही आणि मग रक्तदाब पडतो. रक्तदाब सगळ्यात शेवटी पडतो.

युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही फट बुजवली आहे. पेसीचा वर्ग १ किंवा २ असला तरी उजव्या कप्प्यावर ताण दिसला किंवा ट्रोपोनिन वाढलेलं असलं, तर रुग्णाला मध्यम धोक्याच्या गटात धरावं, असं त्या सांगतात. ताण आणि ट्रोपोनिन दोन्ही असतील तर मध्यम-उच्च. बाईंच्या बाबतीत दोन्ही होते.

बोवा गुणांकही काढला, कारण तो रक्तदाब ठीक असलेल्या रुग्णांसाठीच आहे. ट्रोपोनिन २, उजवा कप्पा २, नाडी १. एकूण ५, म्हणजे तिसरा टप्पा. मूळ अभ्यासात या टप्प्यातल्या २९ टक्के रुग्णांना ३० दिवसांत गुठळीमुळे गंभीर गुंतागुंत झाली होती. वरचा रक्तदाब १०४ ऐवजी १०० असता तर आणखी २ गुण मिळाले असते. चार अंकांच्या फरकावर दोन गुण! तालुक्याच्या गावी हातपंपाच्या कफने मोजलेल्या रक्तदाबात तेवढा फरक दोन नर्सच्या मोजण्यातही पडतो. म्हणून मी गुणांक काढतो, लिहून ठेवतो, पण एकाच वेळच्या बेरजेवर निर्णय टेकवत नाही. नाडीचा आकडा रक्तदाबाच्या वर गेलाय का, हेही बघतो. इथे ११८ आणि १०४ होते. आणि उंबऱ्यात आलेली भोवळ कुठल्याच गुणांकात नव्हती, पण माझ्या मनात ती सगळ्यात वर होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच द्यायचं. बाईंच्या यजमानांचा कल इकडे होता. "डॉक्टर, औषध आहे ना तुमच्याकडे? मग वाट कसली बघायची?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीथो चाचणीत बऱ्यापैकी मिळतं. रक्तदाब ठीक, पण उजव्या कप्प्यावर ताण आणि ट्रोपोनिन पॉझिटिव्ह, अशा हजारभर रुग्णांपैकी निम्म्यांना रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनसोबत टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध दिलं, निम्म्यांना नुसतं हेपॅरिन. सात दिवसांत मृत्यू किंवा कोसळणं, हे टेनेक्टेप्लेजच्या गटात २.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ५.६ टक्के. फायदा खरा. पण पक्षाघाताचं प्रमाण २.४ टक्के विरुद्ध ०.२ टक्के, आणि त्यातले बहुतेक मेंदूतल्या रक्तस्रावाचे. मेंदूबाहेरचा मोठा रक्तस्राव ६.३ विरुद्ध १.२ टक्के. मृत्यूंच्या संख्येत ठोस फरक दिसला नाही. म्हणजे या गटातल्या शंभरांपैकी चौऱ्याण्णव-पंचाण्णव रुग्ण नुसत्या हेपॅरिनवर तगून जातात, आणि सगळ्यांना इंजेक्शन दिलं तर त्यांच्यावर विनाकारण धोका लादला जातो.

दुसरा पर्याय, एनॉक्सापॅरिन चालू ठेवून आयसीयूत बारीक लक्ष ठेवायचं आणि रक्तदाब पडला तरच इंजेक्शन द्यायचं. तिसरा, अर्ध्या मात्रेत इंजेक्शन. माझे एक सहकारी याच्या बाजूने होते.

चौथा पर्याय हलवण्याचा. कोल्हापूर किंवा गोवा, दोन्हीकडे कॅथेटरने गुठळी काढण्याची सोय मिळू शकते. पण कोल्हापूरला जायला रात्री पावसात घाट चढायचा, आणि गोव्याच्या रस्त्यावर विसर्जनाची गर्दी. वाटेत रक्तदाब पडला तर ॲम्ब्युलन्समध्ये कोणी काय करायचं? मोठ्या शहरांत आता अशा रुग्णांसाठी निरनिराळ्या विषयांच्या तज्ज्ञांचं एक पथक फोनवर एकत्र येतं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०१२ मध्ये ही पद्धत सुरू केली. आमचं पथक म्हणजे गोव्यातले एक परिचित हृदयरोगतज्ज्ञ, गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ. इकोची चित्रफीत व्हॉट्सॲपवर गेली. बोलणं वीस-पंचवीस मिनिटांचं झालं, आणि त्यात दुसरा पर्याय ठरला.

काय केलं

हेपॅरिनच्या ठिबकीऐवजी एनॉक्सापॅरिनच ठेवलं. कोसळण्याच्या बेतात असलेल्या रुग्णात ठिबक बरी, कारण ती बंद करताच काही तासांत परिणाम ओसरतो, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण ठिबकीला वारंवार एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) बघून मात्रा बदलावी लागते, आणि रात्री आमच्या लॅबमध्ये ती चाचणी होत नाही. न मोजलेली ठिबक म्हणजे औषध कमी पडतंय की जास्त, हे न कळणं. त्यापेक्षा वजनावर दिलेलं इंजेक्शन भरवशाचं.

सलाईन बंद केली. फुगलेल्या उजव्या कप्प्यात आणखी पाणी भरलं तर तो आणखी फुगतो आणि डाव्याला दाबतो. दोन बाटल्यांनंतर धाप वाढली होती, त्याचं हे एक कारण असू शकतं.

पाळीच्या गोळीचा प्रश्न सर्वांत नाजूक निघाला. गुठळीला जिचा हातभार लागला, ती गोळी तत्काळ थांबवावी, असंच कोणालाही वाटेल. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी मात्र आम्हाला अडवलं. गोळी एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येणार, फायब्रॉइडमुळे भरपूर जाणार, तेही रक्त पातळ असताना, हिमोग्लोबिन ९.२ असताना, आणि नेमकं त्याच काळात विरघळवणाऱ्या इंजेक्शनची गरज पडू शकते. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड तर ताज्या गुठळीत देता येत नाही. रक्त पातळ करणारं औषध पूर्ण मात्रेत चालू असेपर्यंत हार्मोनमुळे नवी गुठळी होण्याची भीती बरीच झाकली जाते. म्हणून गोळी सध्या चालू ठेवली आणि पुढची सोय आधी ठरवली.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कधी द्यायचं, हे खाटेजवळच्या कागदावर लिहून ठेवलं: वरचा रक्तदाब पंधरा मिनिटं ९० च्या खाली, किंवा आधीपेक्षा ४० ने कमी, किंवा रक्तदाब टिकवायला नॉरॲड्रेनॅलिन लागणं, सोबत हातपाय गार, लघवी कमी, गुंगी किंवा लॅक्टेट वाढणं. टेनेक्टेप्लेजची कुपी फ्रीजमध्ये आहे हे बघितलं, ७८ किलोसाठीची ४० मिलिग्रॅम मात्रा कागदावर लिहिली, मेंदूतला जुना रक्तस्राव, अलीकडची शस्त्रक्रिया वगैरे अडथळे विचारून घेतले आणि यजमानांची संमती रात्रीच घेतली. पहाटे घाबरलेल्या माणसाकडून सही घेणं म्हणजे संमती नव्हे, असं माझं मत आहे.

पहाट

पाच वाजायच्या सुमारास बाई खाटेशेजारच्या कमोडवर उठून बसल्या. परत खाटेवर येताना डोळे फिरले. नाडी १३६, वरचा रक्तदाब ८४, मास्कवर ऑक्सिजन ८६, हात बर्फासारखे, लॅक्टेट ४.१. नॉरॲड्रेनॅलिन सुरू केलं. भूलतज्ज्ञ दहा मिनिटांत आले. श्वासनळीत नळी घालायची का, हा प्रश्न उभा राहिला. भुलीच्या औषधांनी आणि व्हेंटिलेटरच्या दाबाने अशा हृदयाचा उरलासुरला जोरही जाऊ शकतो. बाई बोलत होत्या, म्हणून थांबलो. पंधरा मिनिटांनी रक्तदाब तसाच होता. कागदावरची अट पूर्ण झाली होती. टेनेक्टेप्लेज ४० मिलिग्रॅम दिलं. चर्चा लागली नाही, सही लागली नाही, मात्रा शोधावी लागली नाही.

तास-दीड तासात वरचा रक्तदाब १०६, नाडी १०४, ऑक्सिजन ९४. दुपारपर्यंत नॉरॲड्रेनॅलिन बंद झालं. एनॉक्सापॅरिनच्या आधीच्या डोसाला बारा तास झाल्यावरच हेपॅरिनगटाचं औषध पुन्हा सुरू केलं.

पुढे काय झालं

सुई टोचलेल्या जागा झिरपल्या, थोडं अंगावरून गेलं, हिमोग्लोबिन ८.१ पर्यंत उतरलं. रक्त चढवावं लागलं नाही, शिरेतून लोह दिलं. दुसऱ्या दिवशी टॅप्से १८. आठवड्याभराने घरी सोडलं. घरी द्यायला ॲपिक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी निवडली: सात दिवस १० मिलिग्रॅम दोनदा, मग ५ मिलिग्रॅम दोनदा. रिव्हारॉक्साबॅन या त्याच गटातल्या गोळीवर पाळीत जास्त जातं, आणि या बाईंना ते परवडणारं नव्हतं. काही आठवड्यांनी मुंबईत लेव्होनॉरजेस्ट्रेल या हार्मोनची कॉपर-टीसारखी गर्भाशयात बसवायची तार बसवली आणि मग नॉरएथिस्टेरॉन थांबवलं. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत धाप नव्हती, इकोमध्ये उजवा कप्पा पूर्ववत. या तपासणीत धाप टिकून असती, तर गुठळी न विरघळता नसांत घट्ट बसली आहे का, हे शोधावं लागलं असतं. गुठळीचं कारण तात्पुरतं होतं, पण ती जिवावर बेतलेली. म्हणून औषध तीनऐवजी सहा महिने दिलं आणि मग त्यांच्याशी बोलून थांबवलं. इस्ट्रोजेनच्या आणि पाळी ढकलायच्या गोळ्या यापुढे नाहीत, हे त्यांच्या फाइलवर पहिल्या पानावर लिहिलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

रक्तदाब पहाटे पडला, म्हणून रात्रीच इंजेक्शन द्यायला हवं होतं, असा अर्थ मी लावत नाही. रात्री नऊ वाजता या बाई पाच-सहा टक्क्यांत जाणार की उरलेल्या चौऱ्याण्णवांत, हे सांगणारं काहीही आपल्याकडे नाही. निर्णय त्या वेळच्या माहितीवर तपासावा.

कमोडबद्दल मात्र मत ठाम आहे. मध्यम-उच्च धोक्याच्या रुग्णाला पहिले दोन दिवस खाटेवरच बेडपॅन द्यावं. संकोचापायी रुग्ण उठतात, विशेषतः बायका, आणि रात्रपाळीची सिस्टर एकटी असते. घरच्या एका बाईला सोबत थांबू दिलं तर हा प्रश्न बराच सुटतो.

गावातल्या तपासणीत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर वापरला असता, तर ८८-९० चा आकडा दुपारीच दिसला असता. कोविडनंतर तो जवळपास प्रत्येक दवाखान्यात आहे. भोवळ येऊन पडलेल्या माणसाचा रक्तदाब नीट असला तरी ऑक्सिजन बघणं, पोटऱ्या बघणं, आणि 'सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत' याबरोबर 'पाळीच्या गोळ्या घेताय का' हे स्वतंत्र विचारणं, एवढं तिथल्या तिथे होऊ शकतं. बायका पाळीच्या गोळीला औषध समजत नाहीत, म्हणून वेगळं विचारलं नाही तर ती सांगितली जात नाही.

हलवण्याच्या निर्णयाबद्दल मी आजही साशंक आहे. त्या दुपारी चार वाजता, उजेडात, त्या आमच्याकडे असत्या तर कदाचित मी त्यांना गोव्याला पाठवलं असतं. रात्री दहाला नाही.

आणि अर्ध्या मात्रेचा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. सहकाऱ्यांचं म्हणणं, रात्रीच कमी मात्रा दिली असती तर पहाट टळली असती. याच प्रश्नासाठी पीथो-३ ही चाचणी आखली गेली आहे, वजनाच्या किलोमागे ०.६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ५० मिलिग्रॅम अल्टेप्लेज (गुठळी विरघळवणारंच दुसरं औषध) अशा मात्रेत. तिच्या उत्तरावर माझं मत बदलायची माझी तयारी आहे. पण फायब्रॉइड, ९.२ हिमोग्लोबिन आणि शुद्धीवर असलेली, रक्तदाब टिकवून असलेली बाई रात्री नऊला पुन्हा समोर आली, तर तूर्त मी कागदावर अटी लिहीन, कुपी फ्रीजमध्ये आहे हे बघेन, आणि थांबेन.